आई-बाबांना भाडं दाखवून एचआरए घेतला तर चालेल का? – सासऱ्यांना पाच वर्षं भाडं दिलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आहे: "आई-बाबा गावी असतात, मी त्यांच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहतो. त्यांना भाडं दाखवून एचआरए घेतला तर चालेल का, करार करावा लागतो का, आणि घरच्या घरात असं भाडं देणं बरं दिसतं का?"

चालतं. एचआरए म्हणजे पगारातला घरभाडे भत्ता, खरंच भाडं देत असाल तर त्यावर टॅक्सची सूट मिळते. करार करा. आणि तिसऱ्या प्रश्नावर माझं जरा जास्तच बोलून होणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो, कारण ती जखम अजून ओली आहे.

पण आधी तुमच्या प्रश्नातला 'दाखवून' हा शब्द काढून टाका. भाडं दाखवायचं नसतं, द्यायचं असतं. दर महिन्याला तुमच्या खात्यातून बाबांच्या खात्यात पैसे गेले पाहिजेत आणि ते तिथेच राहिले पाहिजेत, बस. जे लोक जानेवारीत एचआरचा मेल आला की स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणतात आणि एका बैठकीत बारा महिन्यांच्या पावत्या एकाच पेनाने लिहून काढतात त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही, उद्या नोटीस आली आणि खोटी माहिती दिली म्हणून चुकवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड लागला तर लागू दे.

आता माझं. एप्रिल २०१९ ते मे २०२४ मी बायको-मुलीसह सासऱ्यांच्या कोथरूडच्या टू बीएचकेत राहिलो. सासरे, म्हणजे अण्णा, बँकेतून रिटायर झालेले, सासूबाईंबरोबर साताऱ्याच्या जुन्या घरात असतात. फ्लॅट त्यांनी १९९८ ला घेतलेला, आणि हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे, माझा मेहुणा त्याच फ्लॅटमध्ये इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची तीन अशी सात वर्षं राहिला, मग बंगलोरला गेला. त्या सात वर्षांत त्याला कुणी भाडं विचारलं नाही. विचारायचा प्रश्नच नव्हता, मुलगा ना तो.

मी राहायला जाणार कळल्यावर माझ्या सख्ख्या दादाचं पहिलं वाक्य "मग काय, घरजावई का?" हसत म्हणाला, पण म्हणाला. सासूबाई म्हणत होत्या फुकट राहा, लेकीचंच घर आहे. मी म्हटलं भाडं देणार असेन तरच येतो. सासूबाईंचा चेहरा पडला. अण्णा दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "किती देणार जावईबापू?" त्या क्षणापासून मला तो माणूस आवडला.

त्या बिल्डिंगमध्ये तेव्हा वीस-बावीस हजार चालू होतं, आम्ही वीस ठरवलं, डिपॉझिट साठ हजार. तुम्हीपण बाजारभावाच्या आसपासच ठरवा. पाच हजाराच्या लायकीच्या खोलीचं तीस हजार भाडं लावलं तर उद्या विचारणारा विचारेलच.

करार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणारा करार, त्यात राहणारा तो लायसन्सी), रजिस्टर केलेला. अकरा महिन्यांचा केला तर रजिस्टर करावा लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात खोटी आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड हवाच, मग तो पाच महिन्यांचा का असेना, आणि जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमच्या बाबांची. आम्ही तीन वर्षांचा केला, स्टॅम्प ड्युटी दोन हजारांच्या आत आणि रजिस्ट्रेशनचे हजार. एजंट मशीन घेऊन घरी आला थम घ्यायला, त्याला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. अण्णांनी पेन्सिल घेऊन दीड तास एकेक कलम वाचलं. "लायसन्सीने भिंतीस खिळे ठोकू नयेत" याखाली रेघ मारून माझ्याकडे बघितलं. बायको आत जाऊन हसत होती.

आता हिशोब, कारण हा भाग कुणी नीट सांगत नाही, सगळे 'टॅक्स वाचतो' एवढंच सांगतात. माझं बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, साठ हजार, वर्षाचं ७,२०,०००. एचआरए २४ हजार महिना. तीन आकड्यांतला सगळ्यात लहान असेल तेवढ्यावर टॅक्स माफ होतो: मिळालेला एचआरए २,८८,०००, बेसिकच्या ४० टक्के (त्या वेळी पुणे चाळीसवालंच, पन्नास मुंबई-दिल्ली-कोलकाता-चेन्नईला), तेही २,८८,०००, आणि भरलेलं भाडं वजा बेसिकच्या १० टक्के, म्हणजे २,४०,००० वजा ७२,०००, म्हणजे १,६८,०००. मी तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस (टॅक्सवर लागणारा ४ टक्के जादा कर) धरून माझे वाचले ५२,४१६. खूश झालो.

पुढच्या जुलैत अण्णांचा फोन. "जावईबापू, तुमचे बावन्न वाचले, माझे अडतीस गेले."

झालं असं होतं की अण्णांची पेन्शन ३८ हजार, एफडीचं व्याज वर्षाला १,२०,०००. स्टँडर्ड डिडक्शनचे पन्नास आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळतात ते ८०टीटीबीचे पन्नास हजार गेले की उत्पन्न ४,७६,०००, पाच लाखांच्या आत, टॅक्स शून्य. त्यात माझं भाडं आलं. घरपट्टी बारा हजार त्यांनी भरलेली ती वजा, उरलेल्या २,२८,००० वर तीस टक्के सरसकट वजावट (दुरुस्ती करा न करा, मिळतेच), म्हणजे १,५९,६०० वाढले, एकूण ६,३५,६००. पाच लाखांची रेषा ओलांडली की सूट पूर्णच जाते, टॅक्स नुसत्या पाच लाखांवरच्या पैशावर लागतो असं नाही. सेस धरून ३८,६०५ रुपये. म्हणजे दोन्ही घरं मिळून फायदा तेरा-चौदा हजारांचा, आणि त्यातला सगळा माझ्या खिशात आणि सगळं नुकसान त्यांच्या. हे नात्यातलं भाडं! बाहेरचा मालक असता तर त्याचा टॅक्स त्याने भरला असता, मी विचारलंही नसतं.

मी म्हटलं अर्धे माझे, एकोणीस हजार पाठवतो. अण्णा म्हणाले नको, मी म्हटलं घ्या, असं आठवडाभर चाललं, शेवटी घेतले. पुढच्या वर्षी आमच्या सीएने सांगितलं ते आधी कळायला हवं होतं: मोकळ्या झालेल्या एफडीतले दीड लाख सीनिअर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका, ते ८०सी मध्ये, म्हणजे गुंतवणुकीवरच्या वजावटीत, बसतात, उत्पन्न परत पाच लाखांच्या आत. दीड लाखाची हालचाल, अडतीस हजार वाचले. तेव्हा तुमच्या बाबांचं उत्पन्न आधी कागदावर मांडा, मग भाडं ठरवा, उलटं नको. हा अख्ख्या उत्तरातला सगळ्यात उपयोगी भाग आहे, बाकीचं माझं रडगाणं.

वर म्हटलं ना पैसे तिथेच राहिले पाहिजेत. पहिल्या दिवाळीत माझ्या खात्यात वीस हजार जमा, पाठवणार अण्णा, रिमार्क मध्ये लिहिलंय 'रेंट रिटर्न'. मी ऑफिसमध्ये घामाघूम. फोन केला तर सासूबाईंनी घेतला, "अहो दिवाळी आहे, लेकीकडनं कुठे भाडं घ्यायचं ऑक्टोबरचं, मीच सांगितलं त्यांना." प्रेमाने केलेलं हो, पण तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने रिमार्कमध्ये हे लिहावं? संध्याकाळी परत पाठवले, 'रेंट ऑक्टोबर २०१९' लिहून. मग ठरवलं, नातीला काय द्यायचं ते तिच्या वाढदिवसाला तिच्या नावावर द्या, कितीही द्या, पण भाड्याच्या पैशाला उलटी वाट नको.

सोसायटीचं आणखी वेगळं. भाडेकरू ठेवला की नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सर्व्हिस चार्जेसच्या जास्तीत जास्त १० टक्के, २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे. पण घरातलं माणूस राहत असेल तर तो लागत नाही, आणि उपविधींमध्ये विवाहित मुलीचा उल्लेख आहे. आमचे खजिनदार हुशार. म्हणाले, "मुलगी राहते, मान्य. पण करार जावयाच्या नावावर आहे. मग तुम्ही भाडेकरू की घरचे?" दादाच्या प्रश्नाचंच हे सभ्य रूप. मी म्हटलं, काका, दोन्ही. तीन मीटिंगा झाल्या महिन्याला पावणेदोनशे रुपयांसाठी. शेवटी चार्ज नाही पण पोलीस व्हेरिफिकेशन द्या यावर मिटलं. मी मात्र एक हट्ट केला, अण्णांनी सोसायटीला दिलेल्या पत्रात 'मुलगी व जावई राहतात' एवढंच न लिहिता कराराची कॉपी जोडून, भाडं किती तेही लिहून पोच घ्यायला लावली. अण्णांना वाटलं मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. तसं नव्हतं. पण ती पोच पुढे कामाला आली, कशी ते ऐका.

२०२१, गौरीजेवण, साताऱ्याला. मेहुणा बंगलोरहून आलेला. जेवणं होऊन पानं मांडलेली आणि हा सगळ्यांसमोर म्हणतो, "दाजींचं काय, फुकटात कोथरूडला राहतात आणि वर टॅक्स वाचवतात. आईबापाला दिलेलं भाडं इन्कम टॅक्सवाले मानतच नाहीत, मुंबईची केस आहे." मावसासरे, आत्या, शेजारचे, सगळे बघतायत.

आता ती केस मी वाचलेली होती आणि याने फक्त फॉरवर्ड वाचलेला. २०१७ मध्ये मुंबईच्या इन्कम टॅक्स अपील न्यायाधिकरणाने आईला दिलेल्या भाड्याचा एचआरए नाकारला हे खरं. पण का नाकारला? लिव्ह अँड लायसन्स नाही, सोसायटीला भाडेकरू म्हणून कळवलेलं नाही, भाडं रोख दिलं म्हणे, बँकेत काही पुरावा नाही. आईला दिलं म्हणून नाही नाकारला, दिलंच नाही असं दिसलं म्हणून नाकारला. नात्यात भाडं देऊ नये असं कायद्यात कुठेही नाही. बायकोला दिलेलं भाडंसुद्धा दिल्लीच्या न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये मान्य केलंय (तरी बायकोच्या फंदात पडू नका, फ्लॅट तुमच्या पैशाने घेतलेला असेल तर तिचं भाडं फिरून तुमच्याच उत्पन्नात येतं, आणि एकाच घरात राहून एकमेकांना भाडं देणारं जोडपं मला तरी हास्यास्पद वाटतं).

मी हे सगळं तिथे बोललो का? नाही. मी मूर्खासारखा एवढंच म्हणालो की "तू सात वर्षं राहिलास तेव्हाच्या पावत्या दाखव." बोलायला नको होतं. सासूबाई उठून आत गेल्या. अण्णा शांतपणे कपाटातून फाईल घेऊन आले, करार, सोसायटीची पोच, पासबुकाच्या प्रती, ओळीने तीस नोंदी, त्यांनी शेजारी पेन्सिलने टिक केलेल्या, आणि मेहुण्यासमोर ठेवल्या. म्हणाले, "या पैशातनं मागच्या पडवीचे पत्रे बदलले. तुला विचारायला लागलं नाही."

माझ्या मते दुखणं तिथे होतं. पत्रे, मोतीबिंदूचं ऑपरेशन, असलं काही निघालं की आधी बंगलोरला फोन जायचा आणि हा पैसे पाठवायचा. पाठवायचा, नाही म्हणत नाही, पण मग वर्षभर ते ऐकवायचा. २०१९ पासून फोन जायचे बंद झाले. आता तुम्ही विचारताय घरच्या घरात भाडं बरं दिसतं का. अहो, म्हाताऱ्या माणसाला दर पाच तारखेला कुणापुढे हात न पसरता वीस हजार येतात, ते वाईट दिसतं का? फुकट राहून सणाला साडी-शर्ट नेणं तेवढं बरं दिसतं? तुम्हाला भाऊ-बहीण असतील तर माझं ऐका, करार नुसता इन्कम टॅक्ससाठी नसतो, गौरीजेवणासाठीपण असतो.

बरं, काही गोष्टी राहिल्या. फ्लॅटवर तुमचंही नाव आहे का ते आधी बघा, बरेच बाबा लोक कौतुकाने मुलाचं नाव घालून ठेवतात. स्वतःच्या मालकीच्या घराचा एचआरए मिळत नाही, सहमालक असलात तर हे सगळं विसरा. बाबांबरोबर त्याच घरात राहत असाल तरी भाडं देता येतं पण पुरावा जास्त घट्ट ठेवा. तुमचे आई-बाबा गावी आहेत म्हणजे तो प्रश्न नाही. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणजे तुमचा दावा आणि बाबांचं रिटर्न समोरासमोर येतातच, तेव्हा त्यांनी रिटर्नमध्ये भाडं दाखवलंच पाहिजे, 'त्यांना कोण विचारतंय' असलं काही मनात आणू नका. महिन्याचं भाडं पन्नास हजारांच्या वर असेल तर तुम्हाला टीडीएस (भाडं देतानाच त्यातून कापून सरकारकडे भरायचा टॅक्स) कापावा लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के. आणि भावंडाचा फ्लॅट घेणार असाल आणि ते परदेशात असेल तर पन्नास हजारांची वाट बघू नका, एनआरआय मालक असला की पहिल्या रुपयापासून टीडीएस आणि तोही तीस टक्क्यांच्या वर, माझ्या एका मित्राने बहिणीला दोन वर्षं पूर्ण भाडं पाठवलं आणि मग व्याजासकट निस्तरत बसला.

आणि हे खरंतर आधी सांगायला हवं होतं: इन्कम टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी रिजिम, आणि एचआरएची सूट फक्त जुन्या रिजिममध्ये. नवी घेतली असेल, किंवा काही न निवडता बसला असाल (२०२३-२४ पासून न निवडल्यास नवीच धरतात), तर भाडं द्या न द्या, टॅक्समध्ये फरक शून्य. २०२५-२६ पासून तर नव्या रिजिममध्ये बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, पगारदाराला पाऊण लाख स्टँडर्ड डिडक्शन वेगळं, तेव्हा तुमचा पगार तेवढ्यातला असेल तर एवढं वाचून तुमचा वेळच गेला, माफ करा. पण पगार जास्त असेल तर एक गंमत आहे, भाडेकरूने जुनी घ्यायची आणि मालकाने नवी. तुम्ही जुन्यात एचआरए घ्या, बाबा नव्यात बारा लाखांपर्यंत बिनटॅक्स राहतील, भाड्यावरची ३० टक्के वजावट त्यांना नव्यातही मिळते. अण्णा २०२३-२४ ला तसेच सुटले, तेव्हा रेषा सात लाखांची होती. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत, म्हणून मी मुद्दाम कलमं कमी लिहिलीत, भरायच्या आधी सीएला विचारा.

आणि एक कबुली देतो, नाहीतर मेहुणा इथे येऊन कमेंट करेल. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत देते. अण्णांच्या बिलात ती आधीपासून होती आणि मी राहायला गेल्यावरही तशीच येत राहिली, आणि आम्ही काही ती काढा म्हणून सांगायला गेलो नाही. २०२३ मध्ये त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा अण्णा म्हणाले लेक राहते म्हणजे घरचेच, भरून टाकू. मी म्हटलं अण्णा, इन्कम टॅक्सला मी भाडेकरू, सोसायटीला मी घरचा, आता महापालिकेला तुम्ही स्वतः इथे राहता असं सांगायचं? एका फ्लॅटच्या किती गोष्टी सांगणार? नाही भरला. घरपट्टी वाढली, त्यावर महिनाभर ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

मे २०२४ ला आम्ही स्वतःच्या घरात गेलो. चावी द्यायला अण्णा स्वतः आले, साताऱ्याहून एसटीने, फाईल घेऊन. दोन तास फ्लॅट बघितला, भिंतीवरचे खिळे मोजले. मग कागद दिला: डिपॉझिट ६०,०००, वजा किचनचा नळ १,१५०, वजा बेडरूमच्या दारावर नातीने चिकटवलेले स्टिकर काढून रंग २,२५०, देय ५६,६००, खाली सही आणि तारीख. सासूबाईंनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला म्हणे. मी तो कागद आनंदाने घडी न पाडता जपून ठेवलाय, आणि त्याचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, कुणासाठी ते कळलंच असेल.

रात्री अकराला मेहुण्याचा मेसेज आला. "अण्णा, तो नळ मी कॉलेजला असल्यापासून गळतोय. दाजींचे १,१५० परत करा."